डाउन पेमेंट अजून जमतेच आहे. घर शोधायला नेमकी कधी सुरुवात करावी?

वारजेवासी यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही दोघेही नोकरी करतो आणि वारज्यात भाड्याने राहतो. दोघांचा मिळून हातात येणारा पगार महिन्याला १ लाख ४५ हजार रुपये आहे, भाडे २६ हजार आहे आणि मुदत ठेवी व आवर्ती ठेवी मिळून आजवर १४ लाख रुपये साठले आहेत. दर महिन्याला साधारण ५० हजार रुपये बाजूला पडतात. दुसरे कोणतेही कर्ज डोक्यावर नाही. वारजे, कर्वेनगर, सिंहगड रस्ता किंवा फार तर रावेत-पुनावळे या भागांत ७५ लाखांपर्यंतचे दोन बेडरूमचे घर घ्यावे, असा विचार आहे.

घर घ्यायचे हे नक्की आहे. अडले आहे ते ‘कधी’पाशी. सासूबाईंचे म्हणणे असे की, अक्षय्य तृतीयेला बुकिंग करून मोकळे व्हावे, कारण किमती कोणासाठी थांबत नाहीत. माझ्या नवऱ्याचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे: पूर्ण पैसे हातात येईपर्यंत घर पाहायला जाऊच नये, कारण एकदा पाहिले की मन अडकते आणि मग हिशेब मनासारखा वाकवला जातो. मागच्या रविवारी एका बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाचा सॅम्पल फ्लॅट पाहिला, तेव्हा तिथल्या विक्री प्रतिनिधीने कॉस्ट शीट (घराच्या किमतीच्या तपशिलाचा कागद) उलटी करून कोऱ्या बाजूवर पेनाने गणित मांडून दाखवले. आत्ता एक लाख, कराराच्या वेळी दहा टक्के पूर्ण करायचे, पुढचे बँक देईल, ताबा तीन वर्षांनी मिळेल आणि “तोपर्यंत तुमचे जमतीलच”. गणित इतके सोपे वाटले की शंका आली.

तर ठरवायचे ते असे: १४ लाखांवर आत्ताच शोध सुरू करावा, की ठरावीक रक्कम जमल्यावर? ती रक्कम कोणती? आणि थांबण्याच्या काळात किमती वाढल्या, तर आम्ही कायम त्यांच्या मागेच धावत राहणार नाही ना?

निवृत्त_बँकवाला

ताई, मी बरीच वर्षे एका बँकेच्या गृहकर्ज विभागात काढली आहेत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे ‘वीस टक्के जमले की झाले’ हा समज मनातून काढून टाका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरच्या कर्जाला ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. तुमच्या बाबतीत ७५ लाखांच्या घराला ६० लाखांचे कर्ज आणि १५ लाख स्वतःचे, हे बरोबर आहे. मात्र ही टक्केवारी काढताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी घराच्या किमतीत धरली जात नाही, ती सगळी खिशातून जाते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या हद्दीत स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार धरून मुद्रांक शुल्क ७ टक्के पडते, म्हणजे ५ लाख २५ हजार. नोंदणी फी ३० हजार. पुनर्विक्रीचे घर असेल तर एजंटाचा एक टक्का, सोसायटीची हस्तांतरण फी जी जास्तीत जास्त २५ हजार घेता येते, वकील, बँकेची प्रक्रिया फी आणि तारण-नोंदीचा खर्च मिळून आणखी पन्नासेक हजार धरा. बेरीज २२ लाखांच्या आसपास जाते. यात रंगकाम नाही, पंखे नाहीत, स्वयंपाकघराची ट्रॉली नाही आणि अडीअडचणीसाठी बाजूला ठेवायची रक्कमही नाही.

आता त्या कोऱ्या बाजूवरच्या गणिताकडे येतो, कारण पहिल्यांदा घर घेणारी माणसे सर्वांत जास्त तिथेच फसतात. बांधकाम चालू असलेल्या घरात पैसे हळूहळू भरायचे असतात, म्हणून बचतीला वेळ मिळतो, असे वाटते. प्रत्यक्षात महाराष्ट्राच्या रेरा (घरखरेदीदारांना संरक्षण देणारा कायदा) नियमांतील नमुना करारनाम्यात हप्त्यांचे टप्पे ठरलेले आहेत: करारापूर्वी जास्तीत जास्त १० टक्के, करार झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोत्याचे काम पूर्ण झाल्यावर ४५ पर्यंत, सगळे स्लॅब पडल्यावर ७० पर्यंत आणि पुढे टप्प्याटप्प्याने. बँक तिचे पैसे तेव्हाच सोडते, जेव्हा तुमचा स्वतःचा वाटा आधी पूर्ण भरलेला असतो. म्हणजे ७५ लाखांच्या घराला करारापर्यंत साडेसात लाख, त्यावर पाच टक्के जीएसटीचे ३७ हजार ५००, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे साडेपाच लाख. तुमचे जवळजवळ साडेतेरा लाख तिथेच संपले. त्यानंतर थोड्याच दिवसांत ३० टक्क्यांची मागणी येते आणि त्यातले पुढचे साडेसात लाख अजूनही तुमचेच असतात. त्या वेळी तुमच्या हातात लाखभर रुपये असतील. तीन वर्षांची सवलत मिळते ती बँकेच्या पैशाला; तुमच्या पैशाला पहिल्या तीन-चार महिन्यांतच हात लागतो. ही दरी मग लोक वैयक्तिक कर्जाने भरतात, ते क्रेडिट अहवालात दिसते आणि गृहकर्जाची पात्रता नेमकी त्याच वेळी खाली येते. मी हे माझ्या टेबलासमोर इतक्या वेळा पाहिले आहे की, ‘तोपर्यंत जमतीलच’ हे वाक्य ऐकले की अजूनही कान टवकारतात.

त्यात भर म्हणजे ताबा मिळेपर्यंत भाडे चालूच राहते आणि बँकेने सोडलेल्या रकमेवर व्याजही सुरू होते. सगळे ६० लाख सुटले की आठ टक्क्यांनी केवळ व्याजच महिन्याला ४० हजार होते. २६ हजार भाडे धरून ६६ हजार झाले. आज तुम्ही भाडे आणि बचत मिळून ७६ हजार बाजूला काढता. मधल्या दहा हजारांत उरलेला जीएसटी, ताब्याच्या वेळी आगाऊ मागितला जाणारा देखभाल खर्च आणि सामान बसवायचे आहे. याउलट तयार घरात आठ टक्के दराने वीस वर्षांचा हप्ता ५० हजारांहून थोडा जास्त येतो, भाडे बंद होते आणि पूर्णत्वाचा दाखला (बांधकाम पूर्ण झाल्याचे अधिकृत प्रमाणपत्र) मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर जीएसटीही लागत नाही.

किमती पुढे पळतील या भीतीचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहा. समजा, वर्षभरात किंमत सहा टक्क्यांनी वाढली आणि ७५ चे घर साडेएकोणऐंशी लाखांचे झाले. वाढलेल्या साडेचार लाखांपैकी तुमच्या खिशातून जाणारा भाग, म्हणजे वीस टक्के मार्जिन (स्वतःचा वाटा) आणि त्यावरचे शुल्क व दलाली, सव्वा लाखाच्या आसपास भरतो. त्याच वर्षात तुमची बचत सहा लाखांनी वाढलेली असते. उरलेली वाढ कर्जात जाते आणि हप्ता तीन हजारांनी चढतो. ते बोचते, पण परवडण्याच्या पलीकडे जात नाही. डाउन पेमेंटच्या शर्यतीत तुम्ही मागे पडत नाही, हे त्यातून कळेल. ज्यांची बचत महिन्याला दहा हजारांच्या आत आहे, त्यांच्यासाठी हे उत्तर वेगळे येईल.

व्याजदर खाली येण्याची वाट पाहावी का, असेही अनेक जण विचारतात. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला ६.५० टक्के होता, त्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत तो ५.२५ टक्क्यांवर आला. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य दराशी जोडलेली असतात, बहुतेकांची रेपोशीच. त्यामुळे दर उतरला तर कर्ज घेतल्यानंतरही तुम्हाला फायदा मिळतो आणि चढला तर फटकाही बसतो. दरावरून खरेदीची तारीख ठरवण्यात फारसा अर्थ नाही. चढत्या दरातही हप्ता झेपेल का, एवढे तपासून ठेवा.

माझ्या मते तुमची तारीख अशी निघते: तयार घर घ्यायचे असेल तर २२ लाख होण्यास, व्याज धरून, साधारण सव्वा वर्ष लागेल. त्यात तीन-चार लाखांची हात न लावण्याची रक्कम मिळवली की पावणेदोन वर्षे. ही मुदत कमी करायची असेल तर बजेट ६८ लाखांवर आणा. खिशातून जाणारा आकडा २० लाखांवर येतो आणि चार महिने वाचतात. कर्जाचे मंजुरीपत्र आत्ता घेऊ नका, कारण बँकेनुसार ते तीन ते सहा महिन्यांतच कालबाह्य होते आणि प्रत्येक अर्जाची नोंद क्रेडिट अहवालात राहते. ते रक्कम पूर्ण होण्याच्या तीन-चार महिने आधी घ्या आणि विसार देण्याच्या इराद्याने घरे पाहायला तेव्हापासून सुरुवात करा.

रावेतकर

वरच्या प्रतिसादातील आकडे बरोबर आहेत, तरी बांधकाम चालू असलेले घर सरसकट बाद करू नये, असे मला वाटते. आम्ही तसेच घेतले. आमच्या निवडीचा निकष मात्र वेगळा होता: ज्या इमारतीचे स्लॅब पूर्ण झाले आहेत आणि ताबा वर्षभराच्या आत अपेक्षित आहे, अशीच घरे पाहायची. तिथे स्वतःचे पैसे एकरकमी द्यावे लागतात हे खरे. पण भाडे आणि व्याज एकत्र भरण्याचा काळ छोटा राहतो आणि घर डोळ्यांना दिसते. पूर्णत्वाचा दाखला येण्यापूर्वी जीएसटी भरावा लागतो, एवढा तोटा धरून चालायचे. किंमत ४५ लाखांपर्यंत आणि चटई क्षेत्र (घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा) पुण्यासारख्या शहरात ९० चौरस मीटरपर्यंत असेल, तर तो एकच टक्का लागतो. तुमच्या बजेटला अर्थात पाच टक्केच लागेल.

महारेराच्या, म्हणजे रेरा कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की मूळ पूर्णत्वाची तारीख, नंतर घेतलेली मुदतवाढ आणि विकासकाने दर तिमाहीला भरलेली माहिती पाहता येते. पुणे जिल्ह्यातील जुन्या प्रकल्पांचे क्रमांक ‘पी ५२१’ ने सुरू होतात. ज्या प्रकल्पाने एकदा मुदतवाढ घेतली आहे, तिथे प्रतिनिधीने सांगितलेल्या ताब्याच्या महिन्यात मी नेहमी सहा महिने मिळवतो. सॅम्पल फ्लॅटमध्ये फिरताना टेप सोबत न्या. तिथल्या पलंगाची आणि सोफ्याची मापे पुष्कळदा नेहमीच्या फर्निचरपेक्षा लहान असतात आणि दारे तर लावलेलीच नसतात.

धायरीफाटा

तुमच्या यजमानांचे म्हणणे मला अर्धे पटते. पाहिले की मोह होतो, हे खरे आहे. तरीही वर्षभर काहीच न पाहता, पैसे जमल्यावर एकदम बाजारात उतरलात, तर कोणते घर महाग आणि कोणते रास्त, हे कळण्यातच पुढचे काही महिने जातील आणि तोवर मंजुरीपत्राची मुदत चालू झालेली असेल. म्हणून पाहणे आणि घेणे यांत अंतर ठेवा. सध्या एजंटांना स्पष्ट सांगा की खरेदी पुढच्या वर्षी आहे. जो तरीही घर दाखवेल तो दाखवेल. अनेक जण दाखवतात, कारण त्यांनाही विक्रेत्याला ‘गिऱ्हाईक येत आहे’ हे दाखवायचे असते.

आम्ही धायरी आणि नऱ्हे या भागांत पुनर्विक्रीची घरे पाहत होतो, तेव्हा एक वही केली होती. त्यात घराची मागितलेली किंमत, चटई क्षेत्र, इमारतीचे वय आणि मजला लिहायचो आणि काही महिन्यांनी तेच घर कितीला गेले, याची चौकशी करायचो. विकल्या गेलेल्या घराच्या दस्ताचा सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतो आणि त्यात कागदोपत्री किंमत असते. मागणी आणि दस्तातील किंमत यांत त्या भागात किती फरक असतो, हे एकदा कळले की भाव करताना बोलण्याला वजन येते.

पावसाळा वाया घालवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये पाहिलेले घर स्वतःच बोलते. आम्हाला आवडलेल्या एका घराच्या बाथरूमबाहेरच्या भिंतीवर नुकताच रंग दिलेला होता, पण खालच्या स्कर्टिंगच्या टाइलमागून पांढरी बुरशी डोकावत होती. वरच्या मजल्याच्या मालकाशी गळतीवरून सोसायटीत वाद चालू असल्याचे वॉचमनने जिन्यातच सांगितले. तेच घर मार्चमध्ये पाहिले असते तर भिंत कोरडी आणि रंग ताजा, एवढेच दिसले असते. पाण्याच्या टँकरचे मात्र उलटे आहे. ते पाहायला एप्रिल-मे बरा. सोसायटीच्या सूचना फलकावर टँकरचा खर्च लावलेला असतो, तो अवश्य वाचा.

मुहूर्ताविषयी थोडेसे. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा या दिवसांच्या आसपास विकासकांच्या सवलती जाहीर होतात. त्या बहुधा सोन्याचे नाणे किंवा मॉड्युलर किचन अशा स्वरूपात असतात आणि मूळ दराला हात लागत नाही. भाव करायचा असेल तर पितृपक्षाचा पंधरवडा चांगला, कारण तेव्हा गिऱ्हाईक तुटपुंजे असते. बोलणी पितृपक्षात करायची आणि विसार दसऱ्याला द्यायचा, म्हणजे सासूबाईंचेही मन राखले जाते.

दस्तलेखक

माझा रोजचा संबंध दुय्यम निबंधक कार्यालयाशी येतो, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो.

रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार करारनामा नोंदवल्याशिवाय विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ‘आत्ता फक्त एक लाख’ म्हणून दिलेली रक्कमही याच दहा टक्क्यांत मोजली जाते. वाटपपत्र (ते घर तुम्हाला दिल्याचे विकासकाचे लेखी पत्र) न घेता ती देऊ नका. महारेराच्या नमुना वाटपपत्रात बुकिंग रद्द केल्यास होणारी कपात दिलेली आहे: पंधरा दिवसांच्या आत काहीही नाही, सोळाव्या ते तिसाव्या दिवसापर्यंत किमतीच्या एक टक्का, साठ दिवसांपर्यंत दीड टक्का आणि त्यानंतर दोन टक्के. ७५ लाखांचे दोन टक्के म्हणजे दीड लाख. पैसे पूर्ण होण्याआधी केलेल्या बुकिंगची ही किंमत आहे, आणि कर्ज नाकारले गेले तर ती मोजावी लागू शकते.

पुनर्विक्रीच्या घरात विसार पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. मालकी हक्कात दोष निघाला किंवा त्या मिळकतीवर बँकेने कर्ज नाकारले, तर विसार पूर्ण परत मिळेल. करारनाम्याची शेवटची तारीख अमुक असेल. आणि ताबा रिकामा मिळेल. विक्रेत्याचे स्वतःचे कर्ज बाकी असेल, तर मूळ कागदपत्रे त्याच्या बँकेत अडकलेली असतात आणि ती सुटण्यास वेळ लागतो. अशा व्यवहारात विसारापासून ताब्यापर्यंत दोन ते तीन महिने सहज जातात, तेव्हा भाड्याच्या घराची नोटीस करारनामा नोंदवल्यानंतरच द्यावी.

काही रक्कम रोखीने मागणारे विक्रेते आजही भेटतात. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारणे आयकर कायद्याला मान्य नाही. शिवाय दस्तातली किंमत कमी झाली की कर्जही त्या प्रमाणात कमी मिळते आणि तुमचा स्वतःचा वाटा फुगतो. तुमच्यासारख्यांना हा प्रस्ताव परवडतही नाही. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून मोठा असल्यास विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून एक टक्का टीडीएस कापून तो सरकारकडे भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. हा वरचा खर्च नाही, पण विसरले तर दंड व व्याज तुमच्यावर येते.

मार्चमधल्या गर्दीविषयीही विचारणा होते. रेडी रेकनरचे, म्हणजे मिळकतींच्या सरकारी मूल्याचे, दर १ एप्रिलला बदलतात, म्हणून महिनाअखेरीला कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते. मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि रेडी रेकनरनुसार येणारे मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारले जाते. तुमची करारातील किंमत आधीच सरकारी मूल्याहून बरीच वर असेल, तर त्या दरात झालेल्या थोड्या वाढीने तुमच्या शुल्कात काही फरक पडत नाही, तेव्हा त्यासाठी घाईने सही करू नये. ज्यांना खरोखर फरक पडतो, त्यांनी ३१ मार्चपर्यंत शुल्क भरून करारावर सह्या केल्या तरी पुरते. दस्त नोंदणीसाठी सादर करण्यास सह्यांपासून चार महिने मिळतात.

वारजेवासी

सर्वांचे मनापासून आभार. बँकवाले काकांनी दिलेला ३० टक्क्यांच्या मागणीचा हिशेब काल रात्री आम्ही दोघांनी त्याच कॉस्ट शीटवर पुन्हा मांडला आणि त्या प्रकल्पाच्या प्रतिनिधीला नकार कळवला. बजेट ६८ ते ७० लाखांवर आणून तयार किंवा ताब्याजवळ आलेलेच घर पाहायचे, असे सध्या ठरले आहे.

दोन शंका उरल्या आहेत. पैसे सव्वा-दीड वर्ष कुठे ठेवावेत? ऑफिसमधले सहकारी म्युच्युअल फंडात टाका म्हणतात. आणि घर फक्त माझ्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचतो असे ऐकले, ते खरे आहे का?

निवृत्त_बँकवाला

ज्या पैशाची तारीख ठरली आहे, तो शेअर बाजाराशी संबंधित फंडात ठेवू नये. नेमके विसाराच्या महिन्यात बाजार १५ टक्के खाली असेल, तर थांबायला तुमच्याकडे वेळ नसेल. मुदत ठेवीच बऱ्या, फक्त एकाच मोठ्या ठेवीऐवजी तीन-चार लाखांच्या वेगवेगळ्या पावत्या करा, म्हणजे विसारासाठी एखादीच मोडावी लागेल. ठेव विम्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांची आहे. अर्ध्या टक्क्याच्या जादा व्याजासाठी सगळी रक्कम एका लहान बँकेत नेऊन ठेवण्यापूर्वी रुपी बँकेच्या ठेवीदारांचे काय झाले, ते आठवा. २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवानाच रद्द झाला. पुणेकरांना हे जास्त सांगण्याची गरज नसावी.

दोघांच्या भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी रक्कम काढता येते. ती पहिल्या हिशेबात धरू नका, कारण दावा मंजूर होण्याचा दिवस तुमच्या हातात नसतो आणि जुन्या नोकरीचे खाते नव्याशी जोडलेले नसेल तर तो लांबतो. खाती जोडून घेणे, नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळवणे, ही कामे आत्ताच उरका. मिळालेली रक्कम ताबा घेतल्यानंतर कर्जात भरली तरी चालते. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाच्या मुदतपूर्व परतफेडीवर दंड लागत नाही.

दस्तलेखक

दुसऱ्या शंकेविषयी: सवलत खरी आहे, निवासी घरापुरती आहे आणि खरेदीदार म्हणून एकटी महिला किंवा सर्व महिलाच असतील तरच मिळते. यजमानांचे नाव दस्तात सहखरेदीदार म्हणून आले की ती जाते. पूर्वी असे घर पंधरा वर्षे पुरुषाला विकता येत नसे. ती अट २०२३ मध्ये काढली गेली. ७० लाखांच्या घरात ७० हजार रुपये वाचतात, म्हणजे तुमची दीड महिन्याची बचत.

यजमान मालक नसतानाही सहकर्जदार होऊ शकतात, त्यामुळे कर्जाच्या पात्रतेला त्यांचा पगार धरला जाईल. तरी तुमच्या बँकेचा नियम आधी विचारून घ्या. ते जुन्या करप्रणालीत असतील आणि गृहकर्जाच्या व्याजाची वजावट घेण्याचा विचार असेल, तर मालकी नसताना ती मिळणार नाही. दोघेही नव्या प्रणालीत असाल तर स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट तशीही नाही. त्यांच्या बचतीतून गेलेल्या रकमेचे काय, हा घरातला प्रश्न आहे. मृत्युपत्र आणि सोसायटीतील नामनिर्देशन ही दोन्ही कामे ताबा मिळाल्याच्या महिन्यातच करून टाकावीत.